जे घडलं नाही, त्याचा सत्कार

आपल्याकडे सत्कारासाठी माणसं कधी कमी पडत नाहीत. बारावीत पहिली आलेली मुलगी, निवृत्त होणारे मुख्याध्यापक, अवघड शस्त्रक्रिया यशस्वी करणारे सर्जन, गल्लीतल्या गणेश मंडळाला घसघशीत वर्गणी देणारे दुकानदार. सगळ्यांच्या खांद्यावर कधी ना कधी शाल पडते आणि हातात श्रीफळ येतं. या सगळ्यांनी काय केलं, ते चार लोकांना डोळ्यांनी दिसतं. पण एखाद्याच्या कामाचं फळ म्हणजे न घडलेली गोष्ट असेल तर? एक कुचकामी औषध बाजारात आलं नाही, एक चुकीचा निष्कर्ष छापला गेला नाही, काही माणसं मेली नाहीत. जी मेली नाहीत, त्यांनाही ठाऊक नसतं की आपण कोणामुळे वाचलो. मग हार घेऊन जायचं कोणी आणि कोणाकडे?

हा प्रश्न मला पडला तो माझ्या धाकट्या नणंदेमुळे. ती संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि गेली अकरा वर्षं पुण्यात औषध-चाचण्यांच्या आकड्यांवर काम करते. तिचं लग्न ठरवताना आमच्या सासूबाईंची फार पंचाईत व्हायची. "मुलगी औषध कंपनीत आहे" म्हटलं की समोरून हमखास प्रश्न यायचा, "म्हणजे एम. आर. का?" "नाही हो, संख्याशास्त्रज्ञ आहे." "अच्छा, म्हणजे हिशेब बघते!" दोन-तीन घरी असं झाल्यावर सासूबाई स्वतःच "हो, हिशेबच बघते" असं सांगू लागल्या.

दोन वर्षांपूर्वी तिला ऑफिसात मोठं बक्षीस मिळालं. ती पेढे घेऊन आली. घरातल्या सगळ्यांनी कौतुकानं विचारलं, "कोणतं औषध शोधलंस गं?"

"औषध नाही शोधलं. एक औषध उपयोगाचं नाही, हे वेळेवर दाखवून दिलं."

पेढा हातात धरून सासूबाई क्षणभर थांबल्या. "मग बक्षीस कशाचं?" त्यांनी अगदी भाबडेपणानं विचारलं. सगळे हसले, नणंदही हसली. मला मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. पुढचे कित्येक रविवार मी तिला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. त्यातून जे उमगलं, ते आपल्यापुढे ठेवते आहे.

पेटीतले वरचे आंबे

औषध गुणकारी आहे की नाही, हे आपण घरात कसं ठरवतो? शेजारच्या काकूंना गुण आला म्हणून. मावसभावाला दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून. पण शेजारच्या काकू औषध न घेताही बऱ्या झाल्या असत्या का, हे कोण सांगणार?

नणंद म्हणते, "वहिनी, आंब्याची पेटी घेताना तू फक्त वरचा थर बघतेस का?" अर्थातच नाही, विक्रेता चांगले आंबे वरच मांडतो. औषधाचंही तसंच आहे. डॉक्टरांनी आपल्या मनानं रुग्ण निवडले, तर नकळत जरा धडधाकट रुग्णांना नवं औषध दिलं जातं आणि त्यांना गुण आला की श्रेय औषधाला मिळतं. म्हणून कोणाला नवं औषध आणि कोणाला जुनं, किंवा दिसायला सारखीच पण औषध नसलेली गोळी, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं निव्वळ नशिबावर सोपवतात. शक्य असेल तिथं कोणाला काय मिळालं, हे रुग्णालाही ठाऊक नसतं आणि डॉक्टरांनाही नसतं. किती रुग्ण लागतील, हे आधी गणितानं काढलं जातं. कमी घेतले तर खरा फरकही दिसत नाही. गरजेपेक्षा जास्त घेतले तर माणसांना विनाकारण धोक्यात घातल्यासारखं होतं. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, निकाल कशावर ठरवायचा, हे आकडे बघण्याआधीच लिहून ठेवलं जातं. खेळ संपल्यावर नियम बदलायचे नाहीत.

हे सगळं आखणारी आणि त्याची राखण करणारी व्यक्ती म्हणजे संख्याशास्त्रज्ञ. ती आपल्याला ना दवाखान्यात दिसते, ना औषधाच्या वेष्टनावर.

एकशे सात रुग्ण

या पद्धतीचा पाया घालणारे ब्रिटनचे ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल डॉक्टर नव्हते. त्यांना डॉक्टर व्हायचं होतं, पण पहिल्या महायुद्धात त्यांना क्षयानं गाठलं आणि पुढचा बराच काळ अंथरुणात गेला. बरं होता होता त्यांनी पत्राद्वारे अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि तिथून ते आकड्यांकडे वळले. दुसऱ्या महायुद्धानंतर स्ट्रेप्टोमायसिन हे नवं औषध आलं, तेव्हा ब्रिटनकडे ते अगदी थोडं होतं, सगळ्या क्षयरोग्यांना पुरणारं नव्हतं. हिल यांचं म्हणणं पडलं की, औषध सगळ्यांना देताच येणार नसेल, तर ते कोणाला मिळावं हे नशिबावर सोपवा आणि काटेकोर तुलना करा.

१९४८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निकाल छापून आला. रुग्ण एकंदर १०७. त्यांतल्या ५५ जणांना स्ट्रेप्टोमायसिन आणि अंथरुणात विश्रांती मिळाली, ५२ जणांना त्या काळच्या रिवाजाप्रमाणे फक्त विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ जण दगावले, दुसऱ्यातले १४. शंकेला जागा उरली नाही. पण त्याच चाचणीनं हेही दाखवलं की, एकटं स्ट्रेप्टोमायसिन दिलं तर जंतू त्याला सरावतात. क्षयाची औषधं एकत्र द्यायची, हा आजचा नियम त्यातून पुढे आला. ज्यांना स्वतःला क्षय झाला होता, त्यांनीच क्षयाच्या औषधाची ही परीक्षा आखली. १९६१ साली हिल यांना 'सर' हा किताब मिळाला.

या कथेचा पुढचा अध्याय आपल्या देशात घडला. क्षयरोग्याला घरापासून दूर, सॅनेटोरियममध्ये महिनोन् महिने ठेवायचे, हे जुन्या पिढीला चांगलं आठवत असेल. आमच्याकडे मिरजेचं नाव निघालं की घरातली म्हातारी माणसं आजही आवाज खाली आणतात. पण गरिबानं काय करायचं? खाटा होत्या किती? १९५६ साली मद्रासला क्षयाच्या औषधोपचारांवर संशोधन करणारं केंद्र सुरू झालं. तिथं १९३ रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले गेले. एका गटाला सॅनेटोरियममध्ये खाट, चांगलं जेवण आणि विश्रांती मिळाली. दुसऱ्या गटाला त्याच गोळ्या, पण आपल्याच घरी, दाटीवाटीच्या वस्तीत. १९५९ साली निकाल आला. घरी औषध घेणारेही जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले होते आणि त्यांच्यामुळे घरच्यांना जास्त लागण झाली, असंही दिसलं नाही. वॉलेस फॉक्स या ब्रिटिश डॉक्टरांनी हे काम उभं केलं. एस. राधाकृष्ण हे भारतीय संख्याशास्त्रज्ञ या केंद्राच्या कामात होते. लाखो क्षयरोग्यांना मुलाबाळांत राहून बरं होता आलं, ते या अभ्यासाच्या बळावर. पण राधाकृष्ण हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलं आहे?

अण्णांचे चौदा महिने

आता घरातली गोष्ट सांगते. माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून लागले आणि प्रमुख कारागीर म्हणून निवृत्त झाले. काही वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा सौम्य झटका आला. नंतर एका रुग्णालयात त्यांना विचारण्यात आलं, एका नव्या गोळीची चाचणी चालू आहे, भाग घ्याल का? मराठीतला संमतीचा कागद अण्णांनी दोनदा वाचला आणि मग लेकीपुढे ठेवला. चाचणी तिच्या कंपनीची नव्हती. तिनं सगळं समजावून सांगितलं. तुम्हाला खरी गोळी मिळेल की नकली, ते कळणार नाही. कधीही बाहेर पडता येईल. फायदा होईलच असं नाही. अण्णा म्हणाले, "मला नाही तर दुसऱ्या कोणाला तरी होईल," आणि त्यांनी सही केली.

पुढचे चौदा महिने त्यांनी ती गोळी एखाद्या व्रतासारखी घेतली. रोज सकाळी वेळ वहीत लिहायचे. दर महिन्याला दोन बसेस बदलून रक्त द्यायला जायचे. नातवाच्या मुंजीच्या दिवशीसुद्धा आधी गोळी, मग बाकीचं. आणि एके दिवशी चार ओळींचं पत्र आलं. चाचणी थांबवण्यात येत आहे. गोळ्या परत करा. आपल्या सहकार्याबद्दल आभार.

का थांबवली, याचा त्या पत्रात उल्लेख नव्हता. विचारायला गेलो तर "वरून आलंय" एवढंच उत्तर मिळालं. अण्णा दोन दिवस कोणाशी फारसे बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "म्हणजे आम्ही उंदीरच होतो म्हणायचं. चौदा महिने फुकट गेले."

त्यांना दुखलं होतं ते गोळी बंद झाली म्हणून नव्हे. आपण मनापासून केलेली गोष्ट कोणाच्याच उपयोगी पडली नाही, असं त्यांना वाटत होतं. आणि त्या वेळी आमच्यातल्या कोणाकडेच त्यांना देण्यासारखं उत्तर नव्हतं, एक नणंद सोडली तर.

'नाही' म्हणण्याची किंमत

तिनं सरकारी नोंदवहीत, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियात, चाचणीची माहिती शोधून काढली. आपल्या देशात ही नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि २००९ पासून चाचणी सुरू होण्याआधी तिथं नोंद करणं सक्तीचं झालं. कोणालाही ती इंटरनेटवर बघता येते. चाचणी चालू असताना बाहेरच्या तज्ज्ञांची एक समिती मधूनमधून आकडे तपासत होती. त्या समितीत डॉक्टरांबरोबर संख्याशास्त्रज्ञही असतात. शेवटपर्यंत गेलो तरी फायदा दिसण्याची शक्यता आता उरलेली नाही, असं आकडे सांगू लागल्यावर समितीनं चाचणी थांबवायला सांगितलं होतं.

"मग चुकलं काय?" अण्णांनी विचारलं.

"काहीच नाही. अण्णा, तुम्हाला एक जुनी गोष्ट सांगते," म्हणून तिनं जी हकीकत सांगितली, ती मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकली.

१९८० च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं की, हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर ज्यांचे ठोके मधेच अनियमित पडतात, ते जास्त दगावतात. मग ठोके ताळ्यावर आणले की माणूस वाचेल, हा विचार कोणालाही पटण्यासारखा होता. तशी औषधं बाजारात होती, डॉक्टर ती देतही होते. ठोके खरोखरच सुधारत होते. तरीही अमेरिकेत सरकारी संशोधन संस्थेनं 'कास्ट' नावाची चाचणी घेतली. १९८९ साली देखरेख समितीनं तिचा मोठा भाग घाईनं थांबवला. एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड ही औषधं घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी ६३ जण दगावले होते. नकली गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. ठोके सुधारत होते आणि माणसं मरत होती! चाचणी झाली नसती, तर भल्या हेतूनं डॉक्टर तीच औषधं देत राहिले असते आणि प्रत्येक मृत्यूच्या वेळी घरच्यांना सांगितलं गेलं असतं, "हृदयच कमकुवत होतं हो."

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे गाडी डेपोतच अडवली म्हणायची."

त्यांच्या नोकरीच्या काळात ब्रेकबद्दल शंका आली की ते गाडी डेपोबाहेर सोडत नसत. प्रवासी ओरडायचे, कंडक्टर वैतागायचा, फेरी रद्द झाली की वरून विचारणा व्हायची. जी गाडी घाटात गेलीच नाही, तिच्यातल्या प्रवाशांनी अण्णांचे आभार कधी मानले नाहीत. कसे मानतील? त्यांना काही ठाऊकच नव्हतं.

"अगदी तसंच," नणंद म्हणाली. "आणि ब्रेकची परीक्षा तुमच्या वहीवर झाली. तुम्ही एक जरी दिवस खोटा लिहिला असता, तर उत्तर तेवढं गढूळ झालं असतं."

त्या रात्री अण्णांनी ती वही लेकीला दाखवायला पुन्हा काढली. काही बोलले नाहीत, पण 'फुकट' हा शब्द त्यानंतर त्यांच्या तोंडून आला नाही. चाचणीत भाग घेणाऱ्या माणसाला शेवटी चार ओळींऐवजी चार वाक्यं नीट सांगितली, तर अशा किती घरांतली सल कमी होईल, असं मला आजही वाटतं.

मिथुन आणि तूळ

संख्याशास्त्रज्ञाची खरी कसोटी लागते ती निकाल मनासारखा आला नाही तेव्हा. एका औषधावर काही वर्षं आणि अमाप पैसा खर्च झालेला असतो. निकाल येतो, फरक नाही. मग कोणीतरी म्हणतं, "जरा वेगळं करून बघू या का? फक्त बायकांचं काढा. साठीच्या पुढच्यांचं काढा. मधुमेह नसलेल्यांचं काढा." इतके तुकडे पाडले की कुठल्या ना कुठल्या तुकड्यात औषध 'गुणकारी' निघतंच. नणंदेला आधीच्या एका नोकरीत असं सुचवण्यात आलं होतं. तिनं नम्रपणे सांगितलं, "आधी जे लिहून दिलंय तेच काढीन. बाकीचं काढलं तर ते नंतर काढलंय, असं ठळक लिहीन." त्या वर्षी तिची पगारवाढ बेताचीच झाली.

हा धोका किती खरा आहे, हे दाखवणारा एक मजेदार पण फार मोलाचा दाखला आहे. १९८८ साली 'आयसिस-२' या चाचणीचा निकाल लॅन्सेट या नियतकालिकात आला. हृदयविकाराचा झटका आलेले १७,१८७ रुग्ण तिच्यात होते. साधी अ‍ॅस्पिरिनची गोळी महिनाभर दिली, तर पहिल्या पाच आठवड्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू ११.८ टक्क्यांवरून ९.४ टक्क्यांवर येतात, असं दिसलं. संपादकांना मात्र कोणत्या प्रकारच्या रुग्णाला किती फायदा झाला, याचे तुकडे हवे होते. ऑक्सफर्डचे संख्याशास्त्रज्ञ रिचर्ड पेटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दिले, पण त्यांत एक तुकडा आपणहून घातला, तो राशींचा. त्यात काय निघालं? मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना अ‍ॅस्पिरिननं उलट थोडा अपायच झाला आणि बाकी सगळ्यांना मोठा फायदा!

अर्थात याचा राशींशी काही संबंध नव्हता. सतरा हजार माणसांचे बारा तुकडे केले की एक-दोन तुकड्यांत असं नुसत्या योगायोगानं घडतंच. राशीचा तुकडा बघून आपल्याला हसू येतं, पण त्याच जागी 'स्त्रिया' किंवा 'पन्नाशीच्या आतले' असं लिहिलं असतं, तर आपण तो निष्कर्ष गंभीरपणे मान डोलावून वाचला असता.

कोविडच्या काळात तर हे आपण सगळ्यांनीच अनुभवलं. २०२० साली हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसाठी लोक औषधाच्या दुकानांसमोर रांगा लावत होते. ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीत रुग्णालयात दाखल झालेल्या १,५६१ जणांना ते दिलं गेलं आणि ३,१५५ जणांना दिलं गेलं नाही. २८ दिवसांत पहिल्या गटातले २७ टक्के दगावले, दुसऱ्यातले २५ टक्के. फायदा काहीच नाही. त्याच चाचणीत डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त औषध व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना दिल्यावर मृत्यूंचं प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आलं. 'हो' आणि 'नाही' ही दोन्ही उत्तरं एकाच काटेकोरपणातून निघाली. पण आपल्या लक्षात राहिलं ते फक्त 'हो'.

शाल कोणाच्या खांद्यावर?

'नाही' म्हणणाऱ्याचा जाहीर सत्कार झाल्याचं एक उदाहरण मात्र इतिहासात आहे. १९६० साली अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यात नुकत्याच रुजू झालेल्या डॉ. फ्रान्सिस केल्सी यांच्या टेबलावर थॅलिडोमाइडचा अर्ज आला. युरोपात हे झोपेचं औषध गरोदर बायकांना मळमळीवरही दिलं जात होतं. पुरावा अपुरा आहे, म्हणून केल्सीबाईंनी कंपनीचा तगादा सोसूनही परवानगी दिली नाही. पुढे कळलं की, त्या औषधामुळे जगभरात हजारो मुलं हातापायांचं व्यंग घेऊन जन्मली. १९६२ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी केल्सीबाईंना पदक दिलं. त्या संख्याशास्त्रज्ञ नव्हत्या, डॉक्टर होत्या. पण त्याच वर्षी तिथं कायदा झाला की, औषध सुरक्षित असून भागणार नाही, ते गुणकारी असल्याचा पुरावा नीट आखलेल्या चाचण्यांतून द्यावा लागेल. त्या कायद्यानंतर औषध कंपन्यांना संख्याशास्त्रज्ञांशिवाय पाऊल टाकणं अवघड झालं.

आता या क्षेत्रात सन्मानही आहेत. ब्रिटनमध्ये औषध-उद्योगातल्या संख्याशास्त्रज्ञांची पीएसआय ही संस्था १९७७ साली स्थापन झाली. तिनं आणि १८३४ पासूनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीनं मिळून या उद्योगातल्या संख्याशास्त्रीय गुणवत्तेसाठी खास पुरस्कार ठेवला. संख्याशास्त्राला नोबेल नाही, पण 'इंटरनॅशनल प्राइज इन स्टॅटिस्टिक्स' हा तोलामोलाचा सन्मान २०१७ साली पहिल्यांदा दिला गेला, तो सर डेव्हिड कॉक्स यांना. कोणता रुग्ण किती दिवस जगला, कोण मधेच चाचणी सोडून गेला, हे सगळं हिशेबात धरून दोन उपचारांची तुलना कशी करावी, याची त्यांनी १९७२ साली मांडलेली रीत आज कर्करोगाच्या आणि हृदयविकाराच्या औषध-चाचण्यांत सर्रास वापरतात. २०२१ साली हा सन्मान नॅन लेअर्ड यांना मिळाला, तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. एकाच रुग्णाच्या महिन्यामागून महिन्याच्या तपासण्या कशा अभ्यासाव्यात, हे त्यांचं काम. अण्णांच्या दर महिन्याच्या रक्ततपासणीसारख्या नोंदी हाताळायच्या, त्या अशाच रीतींनी. आणि २०२३ साली तो मिळाला आपल्या सी. आर. राव यांना, वयाच्या १०२ व्या वर्षी.

पण कंपनीच्या पातळीवर, रोजच्या कामात गुणवत्ता ओळखायची कशी? यशस्वी ठरलेल्या औषधामागच्या लोकांना बक्षिसं द्यायची, हा सोपा मार्ग आहे. पण तसं केलं तर 'हो' म्हणणाऱ्यालाच बक्षीस मिळतं, हे सगळ्यांना कळायला वेळ लागत नाही. मग तुकडे पाडण्याचा मोह आणखी वाढतो. औषध चाललं की नाही, हे संख्याशास्त्रज्ञाच्या हातात नसतं. तिच्या हातात असतो तो प्रश्न नीट विचारणं, नियम आधी लिहिणं आणि उत्तर आलं तसं सांगणं. तेव्हा बघायचं ते एवढंच की, ही चाचणी यशस्वी झाली काय किंवा फसली काय, तिच्या उत्तरावर डोळे मिटून विश्वास ठेवता येईल का? नणंदेच्या ऑफिसनं 'नाही' या उत्तराला बक्षीस दिलं, यात मला तिच्याइतकंच त्या ऑफिसचंही कौतुक वाटतं. सासूबाईंच्या "मग बक्षीस कशाचं?" या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे. खरं बोलण्याचं, आणि तेही खोटं बोलणं सोपं असताना.

आपण काय करू शकतो?

आपण सामान्य माणसं कोणाला पदक देऊ शकत नाही. पण चोखंदळ तर होऊ शकतो. जाहिरातीत "९० टक्के लोकांना फरक जाणवला" असं वाचलं की तीन प्रश्न विचारायची सवय आपण लावून घेऊ या. किती जणांपैकी? कोणाशी तुलना करून? आणि काय मोजायचं, ते आधी ठरवलं होतं की नंतर? हे प्रश्न विचारणारा ग्राहक हाच चांगल्या संख्याशास्त्रज्ञाचा सगळ्यांत मोठा आधार आहे. घरातल्या कोणाला चाचणीत भाग घ्यायला विचारलं, तर घाबरून नकार देऊ नका आणि डोळे झाकून सहीही करू नका. कागद वाचा, नोंदवहीत चाचणीची नोंद आहे का बघा आणि निकाल लागल्यावर तो आम्हाला कळवाल ना, हे सही करण्याआधीच विचारा.

आणि घरात, नात्यात एखादी मुलगी संख्याशास्त्र शिकत असेल, तर "म्हणजे हिशेब का?" असं म्हणून तिला गप्प करू नका. प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा जन्मदिवस, २९ जून, २००७ पासून आपल्याकडे सांख्यिकी दिवस म्हणून साजरा होतो. शाल-श्रीफळाचं राहू द्या. त्या दिवशी तिला नुसतं विचारा, "तू नेमकं काय करतेस गं?" आणि तिचं सांगून होईपर्यंत मधे बोलू नका.